पहिला कॅमेरा आणि बॅटरीचे झाकण

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला पहिला डिजिटल कॅमेरा घेऊन द्यायचा म्हटले की बोलणे मेगापिक्सेल आणि झूमवर जाते. तो कॅमेरा किती वर्षे हातात राहील, हे मात्र बहुतेक वेळा त्याच्या तळाच्या एका लहानशा झाकणाआड ठरलेले असते. तिथे बॅटरी असते आणि बहुधा शेजारीच फोटो साठवणारे कार्ड. त्या झाकणाआड काय असावे, याचा निकाल प्रामुख्याने २००० ते २०१० या दहा वर्षांत लागला. स्वस्त आणि दणकट कॅमेरा शोधणाऱ्यांच्या आजच्या बऱ्याच अडचणी तिथूनच आल्या आहेत.

त्याआधीचे थोडक्यात. फिल्म बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७५ मध्ये जुळवलेला पहिला डिजिटल कॅमेरा साडेतीन किलोहून जड होता. त्यात १६ निकेल-कॅडमियम सेल होते आणि ०.०१ मेगापिक्सेलचा एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत. १९९५ मध्ये मागच्या बाजूला रंगीत पडदा असलेला पहिला घरगुती कॅमेरा बाजारात आला. फोटो काढल्या काढल्या बघता येऊ लागला, ही मोठीच गोष्ट होती. पण हा पडदा वीज खाणारा निघाला, आणि बॅटरीचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाला.

त्या काळातले बहुतेक साधे कॅमेरे एए सेलवर, म्हणजे आपल्या पेन्सिल सेलवर चालत. कुठेही मिळणारे, कोणालाही बदलता येणारे सेल. त्यांची बदनामी झाली ती वेगळ्या कारणाने. फ्लॅश चार्ज होताना आणि लेन्स बाहेर येताना कॅमेरा एका दमात खूप विद्युतप्रवाह ओढतो. साध्या अल्कलाइन सेलला हा झटका झेपत नाही. त्याचे व्होल्टेज क्षणभर खाली येते, कॅमेऱ्याला वाटते सेल संपले, आणि तो बंद पडतो. तेच सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले तर पुढे कित्येक महिने चालतात. दहा-वीस फोटोंत सेल गिळणारा कॅमेरा ही तक्रार त्या पिढीने पुष्कळ ऐकली. दोष मात्र सेलच्या जातीचा होता, आकाराचा नव्हता. रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल हा झटका सहज पेलत. त्यांची खोड एकच, न वापरता पडून राहिले की आपोआप उतरत. २००५ च्या अखेरीस हीही खोड गेली. वर्षभर कपाटात राहूनही बहुतांश चार्ज टिकवणारे सेल आले.

पण तोवर कंपन्यांचा निर्णय झाला होता. प्रत्येक मालिकेसाठी आपल्या मापाची, आपल्या खाचांची लिथियम-आयन बॅटरी. या निर्णयाच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य आहे. दोन एए सेलची गोलाई घेऊन शर्टाच्या खिशात मावणारा पातळ कॅमेरा बनत नाही. लिथियमची बॅटरी त्याच वजनात जास्त ऊर्जा साठवते, थंडीतही बऱ्यापैकी टिकते. एका चार्जमध्ये किती फोटो निघतात हे मोजण्याची सर्वमान्य पद्धत २००३ च्या सुमारास आली. दर ३० सेकंदांनी एक फोटो आणि एकाआड एक फोटोला फ्लॅश, असा तिचा साधारण हिशेब. त्या आकड्यांत लिथियम साध्या अल्कलाइन सेलपेक्षा बहुधा उजवी ठरे.

तरीही मला हा निर्णय नवशिक्याच्या मुळावर आला असे वाटते. बॅटरी बदलायची सोय राहिली, पण बदलायला ती मिळेनाशी झाली. एकाच कंपनीच्या दोन वर्षांतल्या दोन कॅमेऱ्यांना वेगवेगळ्या बॅटऱ्या, वेगवेगळे चार्जर. मॉडेल बंद झाले की काही वर्षांत मूळ बॅटरीही बंद. मग बाहेरच्या कारखान्यांच्या नकला आल्या. त्यांतल्या काही चांगल्या होत्या. काहींवर छापलेली क्षमता खोटी होती आणि आतले संरक्षक सर्किट गाळलेले होते. अशी बॅटरी तापून पेट घेण्याचा धोका खरा होता. कंपन्यांनी यावर उपाय म्हणून बॅटरीत ओळखचिप घातली. २००९ मध्ये एका मोठ्या उत्पादकाने तर आधीच विकलेल्या कॅमेऱ्यांसाठी असे फर्मवेअर अपडेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, काढले, की ते टाकल्यावर बाहेरची बॅटरी कॅमेरा ओळखेनासाच झाला. कारण सुरक्षिततेचे दिले गेले. ग्राहकांना त्यात मक्तेदारी दिसली. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, पण त्याचा भुर्दंड पडला तो सर्वांत कमी पैसे असलेल्या माणसावर. महागडा कॅमेरा वापरणारा मूळ बॅटरी घेऊ शकत होता. खाऊचे पैसे साठवून कॅमेरा घेतलेल्या मुलाला ते परवडणारे नव्हते.

या वादाचा शेवट आज एखादा पंधरा-वीस वर्षांचा जुना कॅमेरा हातात घेतल्यावर दिसतो. लिथियमच्या कॅमेऱ्याचे झाकण उघडले की बॅटरी फुगून खाचेत घट्ट बसलेली असते. नखाने ओढली तरी हलत नाही. एएच्या कॅमेऱ्यात दुसराच प्रकार. विसरलेले अल्कलाइन सेल गळून पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवट भुकटी साचलेली असते, आणि झाकणाची प्लास्टिकची कडी मोडलेली. सेलमागच्या स्प्रिंगा वर्षानुवर्षे आतून रेटत असतात आणि तो सगळा रेटा तांदळाच्या दाण्याएवढ्या कडीने सोसायचा असतो. पण भुकटी व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसता येते, झाकण चिकटपट्टीने बांधता येते, आणि कॅमेरा पुन्हा चालू होतो. फुगलेल्या बॅटरीला असा घरगुती इलाज नाही. तिला टोचू नये, जोर लावून उपसू नये.

कार्डांचा इतिहास याच वळणाचा, मात्र त्याचा शेवट बरा झाला. कंपन्यांनी आपापली कार्डे काढली, ग्राहकांची ओढाताण झाली, आणि २०१० च्या आसपास बहुतेक जण एसडी कार्डावर आले. एक गोम राहिली. २००६ मध्ये आलेली जास्त क्षमतेची एसडी कार्डे दिसायला हुबेहूब जुन्यासारखीच आहेत, पण त्याआधीचे बहुतेक कॅमेरे ती वाचत नाहीत. त्यांना २ जीबी किंवा त्याहून लहान कार्डच लागते. चांगला कॅमेरा केवळ यामुळे बिघडलेला समजून टाकून दिला जातो.

जुन्या कॅमेऱ्यांचे आणखी एक दुखणे २००५ मध्ये बाहेर आले. त्याआधीच्या काही वर्षांत बनलेल्या कित्येक सेन्सरमधली, म्हणजे प्रकाश टिपून फोटो बनवणाऱ्या भागातली, सूक्ष्म जोडणी उष्ण आणि दमट हवेत सुटत होती. फोटो जांभळट, रेघाळ किंवा थेट काळे येत. अनेक कंपन्यांनी ते फुकट दुरुस्त करून दिले. ती मुदत कधीच संपली, असे कॅमेरे मात्र अजून हातोहाती फिरत आहेत.

पुढे फोनने बाजारच खाल्ला. २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये तो आकडा ८० लाखांच्याही खाली होता. सर्वांत आधी संपले ते स्वस्त, साधे कॅमेरे, म्हणजे नेमके मुलांच्या हातात देण्याजोगे. आणि मग त्याच मुलांनी २००० च्या दशकातले खिशातले कॅमेरे शोधून काढायला सुरुवात केली.

या मागणीवर नव्या स्वस्त कॅमेऱ्यांची लाट आली आहे. खोक्यावर ४८ मेगापिक्सेल लिहिलेले असते. आत पुष्कळदा त्याच्या एका अंशाचाच सेन्सर असतो आणि उरलेले पिक्सेल सॉफ्टवेअरने मधेमधे भरलेले असतात. त्याने फाइल मोठी होते, तपशील वाढत नाही. फोकसही अनेकदा एका जागी बांधलेला. काहींत बॅटरी आतच जोडून टाकलेली असते, म्हणजे ते झाकणही गेले.

युरोपात डिसेंबर २०२४ पासून नव्या कॅमेऱ्यांना चार्जिंगसाठी यूएसबी-सी बंधनकारक झाले आहे. चार्जर हरवला म्हणून कॅमेरा बाद, हे तरी त्यामुळे थांबेल. बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता यावी, हा तिथलाच दुसरा नियम फेब्रुवारी २०२७ पासून लागू व्हायचा आहे. प्रामुख्याने पाण्यात वापरायच्या उपकरणांना त्यात सवलत आहे. २००६ च्या सुमारास आलेले, दीड मीटरवरून पडले तरी चालणारे आणि पाण्यात तीन मीटर खोल नेता येणारे दणकट कॅमेरे मुलांसाठी आजही सुचवले जातात. त्यांचे पाणी अडवणारे रबर ज्या झाकणावर असते ते बॅटरीचेच, आणि तिथे वाळूचा एक कण किंवा एक केस अडकला तरी पाणी आत शिरते. ते झाकण कायमचे बंद करायची मुभा या सवलतीतून घेता येईल का, हे नियमाची अंमलबजावणी सुरू झाल्यावर कळेल.