मांजरांतील हृदयस्नायूची अतिवृद्धी

मांजरांत सर्वाधिक आढळणारा हृदयविकार. यात डाव्या निलयाची (हृदयाच्या खालच्या, रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याची) भिंत जाड आणि ताठर होते. माणसाप्रमाणे मोठ्या हृद्‌रोहिणीत (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत) मेदाचे थर साचून रक्तपुरवठा अडणे मांजरांत क्वचितच घडते. येथे दोष स्नायूच्या आतच असतो. भिंतीतील सूक्ष्म रोहिण्यांची आवरणे जाड होऊन त्यांची पोकळी अरुंद होते, तर वाढलेल्या स्नायूची प्राणवायूची गरज मात्र वाढते. डाव्या निलयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः हृदय शिथिल असताना मिळते. ताठर निलय पुरेसा शिथिल होत नाही आणि ठोके जलद पडू लागले की तो अवधीही घटतो. उपासमार झालेल्या पेशी मरून त्यांच्या जागी तंतुमय ऊतक येते, आणि ताठरपणा आणखी वाढतो.

मेन कून जातीत या विकाराशी निगडित जनुकीय बदल 2005 मध्ये सापडला व पुढे रॅगडॉल जातीतही दुसरा आढळला. तरी बहुसंख्य रुग्ण साध्या, मिश्र वंशाच्याच मांजरी असतात. पुष्कळ मांजरी वर्षानुवर्षे निरोगी दिसतात. हृदय निकामी होऊ लागले तरी कुत्र्यासारखा खोकला सहसा येत नाही, म्हणून झोपेतील श्वास मोजणे हीच घरच्या घरी करता येणारी सर्वांत उपयुक्त तपासणी होय; मिनिटाला 30 पेक्षा अधिक श्वास सातत्याने आढळल्यास पशुवैद्याला दाखवावे. तोंड उघडून धाप लागणे ही तातडीची अवस्था आहे.

फुगलेल्या डाव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) रक्त साकळून झालेली गुठळी महारोहिणीच्या (शरीरातील मुख्य धमनीच्या) शेवटच्या फाट्यावर अडकली, तर मागचे पाय अचानक लुळे व थंड पडतात आणि मांजर वेदनेने ओरडते. हा प्रकार अनेकदा अपघाताची इजा समजला जातो.

निदानाचा मुख्य आधार हृदयाची सोनोग्राफी असून, शिथिल अवस्थेत भिंत 6 मिमी वा अधिक जाड असणे हा रूढ निकष आहे. मात्र उच्च रक्तदाब व अवटू (थायरॉइड) ग्रंथीची अतिक्रिया ही कारणे आधी वगळावी लागतात. स्नायूची वाढ मागे फिरवणारे खात्रीचे औषध उपलब्ध नाही. फुप्फुसांतील पाणी फ्युरोसेमाइडने उतरवतात, आणि गुठळीचा धोका असल्यास क्लोपिडोग्रेल देतात.

हृदय पसरट व दुर्बळ होण्याचा विकार याहून वेगळा. 1987 मध्ये त्याचा संबंध आहारातील टॉरिन या अमिनो आम्लाच्या कमतरतेशी जोडला गेला, आणि तयार खाद्यात टॉरिन वाढवल्यावर तो दुर्मिळ झाला. केवळ शाकाहारावर ठेवलेल्या मांजरीला, टॉरिन वेगळे न दिल्यास, तो आजही होऊ शकतो.