ऑनर्सची जागा की स्वप्नातलं कॉलेज?

साताऱ्याहून आईचा फोन आला. “पोरीला ऑनर्स मिळालं म्हणे! मग आता कसली काळजी?” तिच्या मनात ऑनर्स म्हणजे पदवी. तिचं चुकत नाही. दिल्ली विद्यापीठाचं बी.ए. ऑनर्स सगळ्यांना ठाऊक आहे, आणि नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष पूर्ण केलं की ऑनर्सची पदवी मिळते. माझी लेक मात्र अजून कॉलेजात गेलीही नव्हती. न्यू जर्सीतल्या सरकारी विद्यापीठानं तिला शिष्यवृत्ती देऊन ऑनर्स गटात घेतलं होतं, आणि दुसरं पत्र होतं तिच्या स्वप्नातल्या खासगी कॉलेजचं. उत्तर १ मेपर्यंत द्यायचं होतं.

अमेरिकेत ऑनर्स प्रोग्राम म्हणजे हजारोंच्या विद्यापीठात निवडक मुलांचा वेगळा गट. वर्ग लहान, विषय निवडायला बहुतेक ठिकाणी इतरांआधी संधी, बऱ्याचदा राहायला वेगळं वसतिगृह, शेवटी प्रबंध. पदवी मात्र विद्यापीठाचीच, इतरांसारखी. पदवीवरचे ‘कम लाउडे’ (म्हणजे गौरवासह) वगैरे शेरे वेगळे, ते शेवटी गुणांवर मिळतात. नावांचा घोळ इथेही आहेच. रटगर्स या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात २०१५ साली सुरू झालेलं ऑनर्स कॉलेज वेगळं आणि कला-विज्ञान शाखेचा ऑनर्स प्रोग्राम वेगळा. स्वार्थमोर या छोट्या खासगी कॉलेजात १९२२ पासून ऑनर्स आहे, पण ते शेवटच्या दोन वर्षांचं, आणि परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक येतात. म्हणून पत्रात ‘ऑनर्स’ दिसलं की आधी विचारावं: कुठलं, आणि किती वर्षांचं?

खरी गल्लत पैशाच्या कागदावर होते. खासगी कॉलेजच्या पत्रात ‘एकूण मदत’ ठळक अक्षरांत होती. रात्री जेवणं झाल्यावर पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा दिसलं, त्याच रकान्यात ५,५०० डॉलरचं कर्जही मोजलं होतं, आणि तिनं कॅम्पसवर काम करून कमवायचे पैसेसुद्धा. अनुदान तेवढं वेगळं काढलं, वर्षाच्या खर्चातून ते वजा केलं आणि उरलेली रक्कम चारनं गुणली. तो आकडा बघून नवरा बराच वेळ गप्प बसला.

आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला अमेरिकेच्या केंद्र सरकारचं थेट कर्ज पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर मिळतं, चार वर्षांचं मिळून २७,०००. त्यापुढची रक्कम म्हणजे बहुधा पालकांच्या नावावरचं कर्ज. निवृत्ती डोळ्यांसमोर असताना ते उचलू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

पण ऑनर्स नेहमीच स्वस्त पडतं, असंही नाही. हार्वर्ड, येलसारखी कॉलेजं गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतच नाहीत, घरची ऐपत बघून देतात. उत्पन्न कमी असलेल्या घरातल्या मुलाला स्वप्नातलं कॉलेजच स्वस्त पडू शकतं. चेपलं जातं आमच्यासारखं मधलं घर: दोघांचे पगार, घराचे हप्ते, कागदावर ऐपत भरपूर.

मग नावाची किंमत किती? डेल आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी सारख्याच ताकदीच्या मुलांची तुलना केली, तेव्हा नामांकित कॉलेजात गेल्यानं पुढच्या कमाईत सरासरी फारसा फरक दिसला नाही. गरीब घरांतल्या आणि कमी शिकलेल्या आई-वडिलांच्या मुलांना मात्र फायदा झाला. २०२३ च्या चेटी, डेमिंग आणि फ्रीडमन यांच्या अभ्यासातही सरासरी कमाई फारशी बदलली नाही, पण अगदी वरच्या १ टक्का कमाईत पोचण्याची शक्यता आयव्ही, म्हणजे हार्वर्ड-येलच्या, दर्जाच्या कॉलेजांमुळे जवळपास दीडपट झाली. ते दार खरं आहे, ते नाकारून चालणार नाही.

आम्ही ऑनर्सचा कॅम्पस बघायला गेलो. सगळे वसतिगृहाच्या खोल्या बघत होते. लेकीनं तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला गाठून विचारलं, “या सत्रात तुझे लहान वर्ग किती आहेत?” ती म्हणाली, “एकच. बाकी सगळ्यांबरोबर मोठ्या हॉलमध्ये. पण पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेत काम मिळालं, ते अजून चालू आहे.” परतताना गाडीत लेक म्हणाली, “आई, मला ती प्रयोगशाळा हवी आहे.” आणि मग थोडी रडली, त्या दुसऱ्या पत्रासाठी. घरी येऊन आम्ही दोघींनी शिष्यवृत्तीच्या अटी पुन्हा वाचल्या. ती टिकवायला दरवर्षी किती गुण लागतात, तो आकडा तिनं फ्रिजवर चिकटवला आणि ऑनर्सची अनामत भरली.