लिहायला शिकवायचं कुणी? एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

"उत्तर बरोबर आहे ना, मग झालं, भाषा बघायला मराठीच्या मॅडम आहेत." कुठल्याही शाळेच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की वाटतं ही वाटणी अनादिकाळापासून चालत आलीय. तसं अजिबात नाहीये. लिखाण हे एकाच विषयाच्या माथी मारायची पद्धत, निदान अमेरिकेत, साधारण दीडशे वर्षांची आहे आणि ती मोडायची चळवळ पन्नासेक वर्षांची. या चळवळीला 'रायटिंग अक्रॉस द करिक्युलम' म्हणतात, शॉर्टमध्ये वॅक. म्हणजे गणित, केमिस्ट्री, इतिहास, कॉमर्स, जो काही विषय असेल त्याच्या तासाला त्याच मास्तरांनी मुलांना लिहितं करायचं.

आधी वाटणी झाली कशी ते बघू. जुन्या अमेरिकन कॉलेजात सगळा कारभार तोंडी होता, मुलं उभं राहून धडा म्हणून दाखवायची, भाषणं करायची, वादविवाद करायची आणि लिहायची तेही बऱ्याचदा बोलून दाखवण्यासाठीच. सगळ्यांचा अभ्यासक्रम सारखा, त्यामुळे लिहिणं-बोलणं वेगळं शिकवायची गरजच पडत नव्हती. १८६९ मध्ये चार्ल्स एलियट हार्वर्डचे प्रेसिडेंट झाले, त्यांनी मुलांना विषय निवडायची मोकळीक दिली, जर्मन युनिव्हर्सिट्यांच्या धर्तीवर डिपार्टमेंटं वाढली, तोंडी परीक्षा जाऊन लेखी आल्या. म्हणजे गंमत बघा, लिहिण्याची गरज प्रत्येक विषयात वाढली आणि शिकवायला मात्र प्रत्येक प्रोफेसर आपापल्या विषयात बिझी. एलियटनी १८७२ मध्ये अ‍ॅडम्स शर्मन हिल नावाच्या माजी पत्रकाराला आणलं, १८७४ पासून प्रवेशाला इंग्रजी निबंध लावला आणि त्यात निम्म्याहून जास्त पोरं आपटली. मग १८८५ मध्ये फर्स्ट इयरला 'इंग्लिश ए' हा कोर्स सक्तीचा झाला. पुढच्या बारा-तेरा वर्षांत बाकी सगळं ऐच्छिक होऊन हार्वर्डमध्ये सक्तीचं असं साधारण हेच उरलं, आणि देशभरच्या कॉलेजांनी तोच कित्ता गिरवला.

इथेच ती ग्यानबाची मेख आहे. हा कोर्स म्हणजे तात्पुरती मलमपट्टी होती, एकदा वर्षभर लिहायला शिकवलं की पोरगं चार वर्षांसाठी 'दुरुस्त' झालं असं गृहीत धरलेलं. त्यामुळे बाकी प्रोफेसरांना हक्काचं वाक्य मिळालं: माझ्याकडे आलेल्या मुलांना लिहिता येत नाही, इंग्लिशवाले करतात काय? हे वाक्य नंतर जवळजवळ शंभर वर्षं टिकलं (आपल्याकडे अजून टिकून आहे).

पुढचा महत्त्वाचा भाग ब्रिटनमधला आहे आणि मला विचाराल तर सगळ्या कहाणीतला सगळ्यात इंटरेस्टिंगसुद्धा तोच. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमध्ये जेम्स ब्रिटन आणि त्याच्या टीमने १९६६ पासून एक प्रोजेक्ट केला, ११ ते १८ वयाची मुलं शाळेत नक्की लिहितात तरी काय हे बघायचं, तेही फक्त इंग्रजीच्या वहीत नाही तर इतिहास, भूगोल, विज्ञान, धर्म सगळ्या वह्यांत. ६५ शाळांमधून दोन हजारांवर लिखाणं गोळा केली आणि प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले. हे कशासाठी लिहिलंय? आणि कुणासाठी लिहिलंय? कशासाठीचं उत्तर: जवळपास ६३ टक्के माहिती देणारं किंवा मुद्दा मांडणारं, आणि स्वतःशी विचार करत, चाचपडत लिहिलेलं जेमतेम ६ टक्के. कुणासाठीचं उत्तर त्याहून बोचरं होतं, कारण जवळपास निम्मं लिखाण 'परीक्षक' या एकाच वाचकासाठी होतं. म्हणजे ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्यालाच पोरगं ते सांगतंय, आणि का सांगतंय तर तो मार्क देणार म्हणून.

हे आकडे वाचताना मला आपली दहावीची विज्ञानाची वही आठवल्याशिवाय राहत नाही. 'शास्त्रीय कारणे द्या: चांदीचे दागिने हवेत काळे पडतात.' उत्तर प्रत्येकाचं सारखं, हवेतील हायड्रोजन सल्फाइडशी अभिक्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइडचा थर बनतो, म्हणून चांदीचे दागिने हवेत काळे पडतात. शेवटी प्रश्नच पुन्हा लिहायचा, ते तर मस्टच. आता एखाद्या मुलीने लिहिलं की आईचे रोजचे पैंजण काळे पडतात पण प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेले तेवढे पडत नाहीत, मग त्यांना हवा कमी मिळते म्हणून का, तर रसायनशास्त्र तिलाच जास्त कळलंय हे उघड आहे, पण मार्क गाईडवालीला. जेम्स ब्रिटनचं म्हणणं साधारण हेच होतं की ते चाचपडणारं ६ टक्के लिखाण म्हणजेच शिकणं चालू असल्याची खूण आहे आणि शाळा नेमकं तेच कापून टाकते.

१९७५ मध्ये हा अभ्यास छापून आला आणि त्याच वर्षी शाळांतल्या इंग्रजीच्या शिकवण्यावरचा बुलक समितीचा रिपोर्टही आला. समिती नेमली होती १९७२ मध्ये, तेव्हाच्या शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी. रिपोर्टने सांगितलं की प्रत्येक शाळेने सगळ्या विषयांत मिळून भाषेचं धोरण ठरवावं आणि त्यात प्रत्येक शिक्षक सामील असावा. जेम्स ब्रिटनची सहकारी नॅन्सी मार्टिन हिचा पुढचा प्रोजेक्ट तर थेट 'रायटिंग अक्रॉस द करिक्युलम' याच नावाचा होता. एवढं होऊन ब्रिटनमधल्या हायस्कुलांत फार काही हललं नाही, परीक्षा होत्या तशाच राहिल्या आणि १९८८ नंतर नॅशनल करिक्युलमने विषयांच्या भिंती अजून पक्क्या केल्या.

पीक आलं ते अमेरिकेत. तिथे वातावरण तापलेलं होतं. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या कुठल्याही हायस्कूल पास मुलाला प्रवेश खुला केला, त्यातून कामगारांची, काळ्या आणि पोर्टोरिकन घरांतली, घरात पहिल्यांदाच कॉलेज बघणारी मुलं आली. डिसेंबर १९७५ मध्ये न्यूजवीक साप्ताहिकाने 'जॉनीला लिहिता का येत नाही' अशी कव्हर स्टोरी केली आणि पालकांत घबराट उडाली. म्हणजे वॅकला पैसा मिळाला तो या घबराटीमुळे, नुसती शिकण्याची थिअरी घेऊन गेले असते तर कुणी दारातही उभं केलं नसतं. ही गोष्ट चळवळीतले लोक जरा हळू आवाजात सांगतात.

सुरुवात मात्र त्याआधीची आणि फारच साधी. आयोवातल्या पेला गावात सेंट्रल कॉलेज आहे, तिथे १९६९-७० मध्ये चॉसर या जुन्या इंग्रजी कवीवरच्या कोर्सला पुरेशी मुलंच आली नाहीत. मोकळा वेळ मिळाला तर बार्बरा वॉलवूर्ड यांनी वेगवेगळ्या विषयांच्या सहकाऱ्यांना बसवून मुलांच्या लिखाणावर बोलायला सुरुवात केली. वॅकची पहिली फॅकल्टी सेमिनार म्हणून हीच धरली जाते. मग १९७७ हे वर्ष एकदम भरगच्च. जॅनेट एमिगचा लेख आला, लिहिणं ही शिकण्याचीच एक खास पद्धत आहे, हात-डोळा-मेंदू एकत्र लागतात आणि आपलाच विचार समोर कागदावर दिसतो म्हणून तो तपासता येतो. पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर कॉलेजमध्ये (आताची आर्केडिया युनिव्हर्सिटी) एलेन मेमन यांना याच कामासाठी सरकारी ग्रँट मिळाली. आणि मिशिगन टेक या पक्क्या इंजिनियरिंगच्या कॉलेजात टोबी फुलवायलर आणि आर्ट यंग यांनी वर्कशॉप चालू केले.

या वर्कशॉपची पद्धत भारी होती. प्रोफेसर लोकांना कॅम्पसबाहेर न्यायचं आणि लेक्चर द्यायच्या ऐवजी त्यांनाच लिहायला लावायचं, पाच-दहा मिनिटं, न थांबता, मग एकमेकांना वाचून दाखवायचं. मुलांना आपण काय भोगायला लावतो हे त्यांना तिथे स्वतःच्या अंगावर कळायचं. मुलांसाठीचा उपायही तसाच सोपा, विषयाची एक साधी डायरी ठेवायची, तासाच्या शेवटी 'आज काय कळलं नाही' एवढं लिहायचं, त्याला मार्क नाहीत, स्पेलिंग तपासायचं नाही. शंभर पेपर लाल करण्याच्या भीतीने जे प्रोफेसर पळत होते ते यामुळे थांबले.

१९८० च्या दशकात चळवळीच्या घरातच वाद झाला. एक गट म्हणाला डायरी ठीक आहे पण शेवटी पोराला लॅब रिपोर्ट, केस ब्रीफ, इतिहासाचा पेपर लिहायचाय आणि प्रत्येक शाखेची लिहायची रीत वेगळी आहे, ती शिकवा. चार्ल्स बेझरमन यांनी तर लंडनच्या रॉयल सोसायटीच्या जर्नलचे १६६५ पासूनचे लेख काढून दाखवलं की प्रयोगाचा रिपोर्ट हा साचा आभाळातून पडलेला नाही, तो हळूहळू, शंका घेणाऱ्या वाचकांशी भांडत घडलाय. बऱ्याच कॉलेजांनी मग दोन्ही ठेवलं आणि 'रायटिंग इंटेन्सिव्ह' कोर्स सुरू केले.

आपल्याकडे हे आलं वरून. एनसीइआरटीच्या २००५ च्या शालेय अभ्यासक्रमाच्या आराखड्यात स्पष्ट म्हटलंय की विज्ञानाचा, गणिताचा तास हा भाषेचाही तास असतो. मग २०१४ च्या नव्या नियमांनी बीएड दोन वर्षांचं झालं, त्यात 'लँग्वेज अक्रॉस द करिक्युलम' हा पेपरच आला, तो महाराष्ट्रातही शिकवतात आणि त्याच्याही तयार नोट्स झेरॉक्सवाल्याकडे मिळतात. अकरावी-बारावीचं सायन्सचं जर्नल मात्र जसंच्या तसं आहे, उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष, गेल्या वर्षीच्या मुलाचं जर्नल समोर ठेवून रात्रभर उतरवायचं, प्रयोग फसला असला तरी रीडिंग बरोबरच यायचं, मग सर्टिफाय. फसलेल्या प्रयोगाबद्दल दोन ओळी लिहायला त्यात जागाच नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हा सगळ्यात आधी गोची झाली ती परीक्षकासाठीच्या लिखाणाची, कारण ज्याला उत्तर माहीत आहे त्याला तेच उत्तर नीटनेटकं लिहून देणं हे मशीनला छान जमतं. काही कॉलेजं वर्गात हाताने लिहायच्या परीक्षेकडे परत गेली, काही मास्तर कच्चे ड्राफ्ट आणि वर्गातली पाच मिनिटांची डायरी मागायला लागले. म्हणजे परीक्षकासाठी लिहिणं आणि शिकण्यासाठी लिहिणं हे जुने दोन्ही पक्ष पुन्हा समोरासमोर आलेत, आणि आपल्या बोर्डाच्या पेपरात अजून 'शास्त्रीय कारणे द्या' आहेच.