घरच्या फोटोंमधली डिझाइनची तत्त्वं

समतोल, कॉन्ट्रास्ट, लय, मोकळी जागा, जवळीक वगैरे व्हिज्युअल डिझाइनची तत्त्वं एरवी पोस्टर नाहीतर पुस्तकाचं पान समोर ठेवून शिकवतात. तीच तत्त्वं स्वतःच्या साध्यासुध्या फोटोंमध्ये, म्हणजे सहल, झोपलेली मांजर, भिजलेला रस्ता, कुणाचा तरी अर्धा कापलेला हात, असल्या फोटोंमध्ये हुडकायचा एक सराव आहे, ही नोंद त्याबद्दल आहे. फोटो काढायला शिकणं हा इथे विषयच नाही. फोटो आधीच काढून झालेला असतो, काढणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा तत्त्वबित्त्व काही नसतं, आणि म्हणूनच तो कामाचा असतो. पोस्टरमध्ये तत्त्व सापडलं तर त्यात नवल काय, कुणीतरी ते तिथे आणून ठेवलंच होतं. घाईत काढलेल्या फोटोत सापडलं की मात्र कळतं की ही सगळी मुळात डोळ्याचीच खोड आहे, नावं नंतर पडली.

ही खोड नीट पकडली ती गेश्टाल्ट मानसशास्त्रवाल्यांनी, म्हणजे डोळा सुटे तुकडे न बघता अख्खी आकृतीच बघतो असं म्हणणाऱ्यांनी. त्यांच्यातल्या माक्स वेर्टहायमरचा १९२३ चा लेख खिडकीपाशीच सुरू होतो. मी खिडकीत उभा आहे, समोर घर, झाडं, आकाश आहे, हिशेबच करायचा तर उजेडाच्या आणि रंगाच्या ३२७ छटा आहेत म्हणता येईल, पण ३२७ दिसतात का, तर नाही, घर, झाडं आणि आकाश दिसतं, असा साधारण त्याचा मुद्दा. पुढे तो ठिपक्यांच्या रांगा काढून दाखवतो की जवळजवळचे ठिपके आपण आपोआप एका गटात धरतो आणि सारखे दिसणारेही.

ठिपके जाऊ द्या, ग्रुप फोटो घ्या. नऊजण उभे आहेत, आठ खांद्याला खांदा लावून आणि नववा वीतभर अंतर सोडून. तो रुसलाय की पाहुणा आहे की टायमर लावून धापा टाकत आत्ताच येऊन उभा राहिलाय, फोटोत काही लिहिलेलं नाही, पण बघणारा त्याला वेगळा काढतोच, ही जवळीक. आता त्या नवव्याचा शर्ट पिवळा आहे आणि दुसऱ्या टोकाच्या बाईचा कुर्ताही पिवळा आहे असं धरा, की लगेच नजर इकडून तिकडे उडी मारते आणि त्या दोघांचं काहीतरी नातं असावं असं उगाचच वाटायला लागतं, हे साम्य. एकाच फोटोत एक तत्त्व तोडतंय आणि दुसरं जोडतंय, आणि फोटो काढणाऱ्याला ह्यातलं काहीही माहीत नव्हतं.

बिघडलेले फोटो ह्या कामाला जास्त चांगले, हे माझं ठाम मत आहे. डोक्यातून उगवलेला दिव्याचा खांब सगळ्यांकडे असतो. फोटो काढताना तो खांब कुणाला दिसत नाही कारण दोन डोळ्यांनी बघताना तो मागे लांब असल्याचं कळत असतं, फोटोत सगळं एका पातळीवर चपटं होतं आणि डोक्याची कड खांबाच्या कडेला जाऊन चिकटते. आकृती कुठे संपते आणि पार्श्वभूमी कुठे सुरू होते हा तो घोळ, एडगर रुबिन ह्या मानसशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये फुलदाणी की दोन चेहरे ह्या चित्रातून हाच प्रश्न दाखवला होता.

अडचण एकच आणि ती मोठी आहे. फोटोतली माणसं आपली असतात. माझ्याकडे भाचीचे दोन फोटो आहेत, पाचेक सेकंदांच्या अंतराने काढलेले, जिन्यात, हातात लाल छत्री. कित्येक वर्षं पहिला मला जास्त आवडायचा कारण त्यात ती हसतेय. एकदा फोन उलटा धरून दोन्ही फोटो बघितले, म्हणजे चेहरा चेहरा राहत नाही, आकार राहतात, तर पहिल्यात कठड्याची तिरकी रेघ तिच्याजवळून सरळ फ्रेमच्या बाहेर पळतेय आणि नजर त्या रेघेमागे पळतेय. दुसऱ्यात तीच रेघ येऊन छत्रीवर थांबते, मागे कठड्याचे गज एकसारख्या अंतराने चाललेत, ती लय, आणि ती लय बरोबर छत्रीपाशी मोडते. हसण्याचा ह्याच्याशी काही संबंध नव्हता. (आवडतो अजूनही पहिलाच, ते वेगळं.)

उलटं धरणं ही सगळ्यात स्वस्त युक्ती. डोळे किलकिले करून बघितलं तर बारकावे गळतात आणि फक्त उजेड-अंधाराचे मोठे ढिगारे उरतात, समतोल त्यातच कळतो. रंग काढून काळा-पांढरा केला की कॉन्ट्रास्ट खरंच होता की नुसता रंगाचा भपका होता ते दोन सेकंदांत समजतं. रंगाचं तर वेगळंच आहे. पॅरिसच्या गोब्लँ ह्या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचं खातं बघणाऱ्या शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती की काळा रंग फिका पडतोय, त्याने बघितलं तर काळ्यात दोष नव्हता, शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता, त्यावरचं त्याचं पुस्तक १८३९ चं. हिरव्या भिंतीपुढे माणसाचा चेहरा लालसर वाटतो त्यातही शेजारच्या रंगाचा हात असतोच.

तृतीयांशाच्या नियमाबद्दल, म्हणजे फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग करून महत्त्वाचं त्या रेघांवर ठेवायचं, ह्याबद्दल फार लिहायची गरज नाही, फोनच्या कॅमेऱ्यातली ग्रिड चालू केली की तो समोरच येतो. नाव जॉन थॉमस स्मिथ ह्या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये दिलं, निसर्गचित्रात आकाश दोन तृतीयांश तरी असावं नाहीतर एक तृतीयांश, अर्धंअर्धं नको, असं काहीसं. जुन्या फोटोंवर ही ग्रिड टाकून बघायची लोकांना हौस असते, पण चार रेघा आणि चार छेदबिंदू असले की काही ना काही त्यावर येणारच, त्यामुळे त्यावरून फार काही सिद्ध होत नाही.

त्यापेक्षा कडा बघाव्यात. १८८८ च्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्याला व्ह्यूफाइंडर, म्हणजे फ्रेममध्ये काय येतंय ते बघायची खिडकीच नव्हती, एका रोलवर १०० गोल फोटो यायचे आणि काठावर काय येईल ते अंदाजपंचेच. आता पूर्ण स्क्रीन समोर असूनही आपण मधला चेहरा तेवढा बघतो आणि कडेला पाय घोट्यातून कापला जातो, त्यामुळे काठावरचा इंचभर भाग हा फोटोतला सगळ्यात बेसावध भाग असतो. ३५ मिमी फिल्मची फ्रेम ३६ × २४ म्हणजे ३:२, बऱ्याच फोनची ४:३, तोच फोटो चौकोनी क्रॉप केला की मोकळी जागा कमी होते आणि एकटा उभा असलेला माणूस एकदम एकटा वाटेनासा होतो. क्रॉप करायच्या आधी मूळ फाइलची कॉपी ठेवावी.

फोनच्या पोर्ट्रेट मोडचे फोटो ह्या सरावाला जरा कमी उपयोगी. तिथे मागचं धूसर करायचं काम सॉफ्टवेअर करतं, म्हणजे आकृती आणि पार्श्वभूमी वेगळी करण्याचा निर्णय आधीच झालेला असतो. फक्त कानामागची उडालेली बट, चष्म्याची काडी आणि कपाच्या कानातलं भोक झूम करून बघा, तिथे सॉफ्टवेअरही बऱ्याचदा गोंधळलेलं दिसतं.