लेन्स टाकलेल्या डोळ्यात लेसर चालत नाही?

आमच्या इंदूरच्या फॅमिली ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक फॉरवर्ड येतं, की मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर डोळ्यासमोर काळे ठिपके, धागे तरंगले तर लेन्स खराब झाली समजा, आणि लेसर करू नका, लेन्स वितळते. रामबागेतल्या मावशी तर आठवडाभर झोपल्या नाहीत, आणि घाबरणं साहजिकच आहे, डोळ्याचा मामला आहे.

पण ते ठिपके लेन्सवर नसतातच. लेन्सच्या मागे डोळ्यात जेलीसारखा पदार्थ असतो, वयाप्रमाणे तो पातळ होतो, त्यातल्या गुठळ्यांची सावली डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) पडते तीच आपल्याला दिसते. घरीच बघा, पांढऱ्या भिंतीकडे बघून नजर फिरवा आणि थांबवा, ठिपका थोडा मागून येतो आणि मग तरंगत राहतो, लेन्सवरचा डाग असा तरंगला नसता.

आता लेसर. तो लेन्सवर नाही, जेलीतल्या त्या गुठळ्यांवर मारतात, आणि लेन्स टाकलेल्या डोळ्यातही चालतो. उलट नैसर्गिक लेन्सला चुकून धक्का लागला तर मोतीबिंदू होऊ शकतो, पण इथे ती लेन्स आधीच काढलेली असते, त्यामुळे ती भीती उरतच नाही. हां, नेम जवळ लागला तर कृत्रिम लेन्सवर बारीक खड्डा पडू शकतो, वितळत मात्र नाही. ठिपका पडद्याच्या फार जवळ असेल तर डॉक्टर स्वतःच नको म्हणतात. बहुतेकांना काही महिन्यांत सवय होते, लेसर लागतच नाही.

फक्त एकदम खूप ठिपके आले, विजेसारखं चमकलं किंवा बाजूने पडदा पडल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे बाहुली मोठी करून डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्या.