चांदीचं झाड: डेंड्राइट म्हणायचं की फ्रॅक्टल?

सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तांब्याची तार सोडली की तासाभरात तिच्यावर चंदेरी झुडूप उगवतं आणि पाणी निळं होत जातं, हे बहुतेकांनी शाळेत नाहीतर व्हिडिओत पाहिलेलं असतं, त्यामुळे समीकरण वगैरे सोडून देतो. फोटोखाली मात्र हमखास "वाह, फ्रॅक्टल!" असं लिहिलेलं असतं (म्हणजे लहान तुकडा मोठा करून पाहिला तरी अख्ख्यासारखाच दिसणारा आकार), आणि त्याच फोटोला दुसरा कोणीतरी डेंड्राइट, म्हणजे झाडासारखा फांद्या फोडत वाढलेला स्फटिक, म्हणतो. हे दोन शब्द एकमेकांत कसे घुसले ती गोष्ट मुख्यतः 1980 नंतरची आहे. त्याआधीचं थोडक्यात उरकतो.

युरोपातले किमयागार चांदीला चंद्राचा धातू मानायचे आणि चंद्राची देवी डायाना, म्हणून हे 'डायानाचं झाड'. ते तांबं नाही, पारा वापरायचे, त्यामुळे त्यांच्या झाडात शुद्ध चांदी नसून चांदी आणि पाऱ्याचं मिश्रण असायचं. धातू जमिनीत वनस्पतीसारखे वाढतात याचा पुरावा म्हणून ते दाखवलं जायचं. लेख लिहिणाऱ्यांना हा भाग फार आवडतो, पण झाड फांद्या का फोडतं याबद्दल त्यातून काडीचीही माहिती मिळत नाही.

कारखान्यात हेच झाड म्हणजे डोकेदुखी होती. साध्या नायट्रेटमधून चांदीचा मुलामा द्यायला गेलं की गुळगुळीत थर बसायच्या ऐवजी सुया आणि झुडपं येतात. 1840 मध्ये इंग्लंडमध्ये सायनाइडवाल्या द्रावणाचं पेटंट झालं आणि चांदीचं प्लेटिंग धंदा म्हणून उभं राहिलं. सायनाइड चांदीच्या आयनला घट्ट धरून ठेवतं, मोकळे आयन नावालाच उरतात आणि चांदी सावकाश, सारखी बसते. उलट 1884 च्या सुमाराला विजेने चांदी शुद्ध करायची पद्धत आली, तिच्यात नायट्रेटच होतं, मग कॅथोडवर वाढणारी झाडं समोरच्या पत्र्याला टेकून शॉर्ट होऊ नये म्हणून लाकडी पट्ट्यांनी सारखी खरवडून काढायची. झाड का होतं हे माहीत नसताना ते कसं टाळायचं हे मात्र लोकांना पक्कं ठाऊक होतं.

आता 'का'. पहिली गोष्ट, आयनला तांब्याला शिवायची गरजच नसते. तांबं बुडाशी विरघळतं, इलेक्ट्रॉन चांदीच्या फांदीतूनच टोकापर्यंत जातात आणि नवीन चांदी तिथे बसते (दोघांच्या व्होल्टेजमधला फरक 0.46 व्होल्ट, सगळं त्याच्यावर चालतं). दुसरी गोष्ट, चांदीचा आयन पृष्ठभागावर पोचला की बसायला वेळ लावत नाही, वेळ लागतो तो पोचायलाच. मग जरासा उंचवटा जरी आला तरी तो ताज्या द्रावणात पुढे घुसतो, त्याला जास्त माल मिळतो, तो अजून पुढे जातो, आणि मागची खाच उपाशी राहते. या अस्थिरतेचं गणित 1963-64 मध्ये नीट मांडलं गेलं, त्यात पृष्ठताण उलट्या बाजूने ओढतो, म्हणजे फार बारीक उंचवटे तो पुसून टाकतो.

आणि मग 1981. दोन भौतिकशास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर एक खेळ मांडला: मधोमध एक कण ठेवायचा, लांबून दुसरा सोडायचा, तो वाट फुटेल तसा भटकत येतो आणि टेकला की चिकटतो. बस, एवढंच. काही हजार कणांनंतर जे दिसलं ते हुबेहूब चांदीच्या झाडासारखं होतं, आणि सपाटीवर त्याची मिती आली साधारण 1.71, म्हणजे आकार दुप्पट केला तर कण चौपट नाही, सव्वातीन पटच होतात. 1984 मध्ये विजेने वाढवलेल्या तांब्यावर मोजून 2.43 आली, त्रिमितीतला अंदाज 2.5 होता. झालं, तिथून पुढे फांद्या दिसल्या की फ्रॅक्टल.

माझं भांडण इथे आहे. त्या खेळात स्फटिकच नाही! कण कुठूनही येऊन कसाही चिकटतो, टोकं फाटत जातात, दिशा ठरलेली नसते. खऱ्या चांदीत अणूंची रचना ठरलेली असते, काही दिशांना वाढ सोपी जाते, आणि मंद वाढलेलं झाड भिंगाखाली पाहिलं तर नेच्याच्या पानासारखा सरळ कणा आणि ठरावीक कोनात निघालेल्या बाजूच्या फांद्या दिसतात. हा डेंड्राइट, टोक न फाटता पुढे जाणारा. घाईत वाढलेलं, काळपट, विस्कटलेलं झुडूप हवं तर फ्रॅक्टलच्या जवळचं म्हणा. 1986 मध्ये झिंकवर दाखवलं गेलं की एकाच सेलमध्ये फक्त द्रावणाची तीव्रता आणि व्होल्टेज बदलून दोन्ही आकार मिळतात, शिवाय दाट फांद्यांचा तिसराही. म्हणजे प्रश्न "चांदी फ्रॅक्टल आहे का" असा नाहीच, कुठल्या परिस्थितीत वाढवली असा आहे. गंमत म्हणजे तोच कॉम्प्युटरचा खेळ चौकटीच्या जाळीवर लाखो कणांपर्यंत नेला तर झुडूप हळूहळू अधिकच्या (+) चिन्हासारखं ताणलं जातं, जाळीची दिशा डोकं वर काढतेच.

फ्रॅक्टलवाल्यांना आणखी एक टोला 1998 मध्ये बसला. 1990 ते 1996 मधले फ्रॅक्टल सापडल्याचे प्रयोग गोळा करून पाहिलं, तर बहुतेकांमध्ये मितीचा हा नियम सरासरी 1.3 दशकांपुरताच तपासलेला (इथे दशक म्हणजे दहा वर्षं नाही, मापातली दहापट), म्हणजे सगळ्यात मोठं माप सगळ्यात लहानाच्या जेमतेम वीसपट. मला वाटतं हा आकडा मितीच्या आकड्याशेजारी छापायला हवा होता, पण तो कोणी छापत नाही.

दरम्यान विषय प्रयोगशाळेबाहेर गेला होताच. 1950 च्या दशकात टेलिफोनच्या यंत्रणेत दमट हवेत चांदी इन्सुलेशनवरून सरकत फांद्या करते हे लक्षात आलं होतं. पुढे उलट त्याचाच वापर करून चांदीचा धागा जोडायचा-तोडायचा अशी मेमरी बनली, आणि 2012 च्या आसपास तांब्याच्या ठिपक्यांवर मुद्दाम चांदीच्या तारांचं जाळं उगवून मेंदूसारखं वागणारं सर्किट बनवायचे प्रयत्न झाले.

सध्या डेंड्राइट हा शब्द सगळ्यात जास्त ऐकू येतो तो लिथियम बॅटरीत, आणि तिथे तर आणखीच गोंधळ, कारण तिथली बरीचशी वाढ शेवाळासारखी असते आणि टोकाला नाही, मुळापाशी भर पडून पुढे ढकलली जाते. चांदीच्या झाडाच्या बरोबर उलटं, पण नाव तेच.