वाढत्या अंगावर मोठ्यांची फूटपट्टी: मुलांमधल्या सिस्टेमिक स्क्लेरोसिसचा जोर मोजण्याचा इतिहास

डॉक्टर मुलाच्या हाताची त्वचा दोन बोटांच्या चिमटीत धरतात. ती सहज उचलली गेली तर 0, थोडी जाड वाटली तर 1, हलते पण चिमटीत नीट येत नाही अशी असेल तर 2, आणि खालच्या थराला घट्ट चिकटून अजिबात सरकत नसेल तर 3. चेहरा, छाती, पोट, दोन्ही दंड, कोपराखालचे हात, पंजे, बोटं, मांड्या, पोटऱ्या आणि पावलं, अशा 17 जागा. एकूण गुण जास्तीत जास्त 51. सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटून त्वचा आणि आतले अवयव कडक होत जाण्याचा आजार; त्यात त्वचा किती कडक झाली आहे हे जगभर आजही याच पद्धतीनं मोजतात. यासाठी यंत्र लागत नाही, तपासणाऱ्याची सरावलेली बोटं लागतात.

या पद्धतीचं मूळ अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये आहे. तिथले संधिवाततज्ज्ञ गेराल्ड रॉडनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये त्वचेला असे गुण द्यायची रीत मांडली. त्यांच्या मूळ आवृत्तीत 26 जागा होत्या आणि गुण 0 ते 4 होते. पुढे ती सुटसुटीत होऊन 17 जागांची झाली आणि 'मॉडिफाइड रॉडनन स्किन स्कोअर' या नावानं रुळली. रॉडनन यांच्यापुढे होते ते प्रौढ रुग्ण. तसं होणं साहजिकच होतं, कारण हा आजार मुळात दुर्मीळ, आणि त्यातही सोळाव्या वर्षाच्या आत सुरू होणारे रुग्ण शंभरात जेमतेम पाच. मुलांसाठी वेगळं माप बनवायचं तर एका रुग्णालयाच्या आयुष्यभराच्या नोंदीही पुरल्या नसत्या. म्हणून अनेक वर्षं मोठ्यांचीच फूटपट्टी मुलांना लावली गेली.

ती लावताना काय चुकतं, हे 2006 मध्ये फार साध्या प्रश्नातून पुढे आलं. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे बालसंधिवाततज्ज्ञ इव्हान फोल्डव्हारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 217 निरोगी मुलांची त्वचा याच पद्धतीनं तपासली. आजार नाही, तर गुण शून्याच्या जवळपास हवेत. प्रत्यक्षात ते बरेच वर निघाले. मुलांच्या त्वचेखाली चरबीचा थर असतो, ती गुबगुबीत आणि ताणलेली असते, वयात येताना तिची घडण पुन्हा बदलते. म्हणजे चिमटीत न येणारी प्रत्येक त्वचा आजारानं कडक झालेली नसते. मला हा अभ्यास या साऱ्या इतिहासाचा कणा वाटतो. नवं औषध नाही, नवा शोध नाही. फक्त निरोगी मुलांकडे आधी बघायला हवं होतं, ते कुणीतरी बघितलं.

पण त्वचा हा एकच धागा. खरा गुंता 'जोर' या शब्दात आहे. या आजारात तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. आजार आत्ता किती पेटलेला आहे, हा त्याचा जोर. आजच्या घडीला कोणत्या अवयवाची अवस्था किती वाईट आहे, ही तीव्रता. आणि जे बिघडलं ते पुन्हा सुधारणार नाही, ती कायमची हानी. वाकडी होऊन आखडलेली बोटं ही हानी असू शकते. तिच्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवून काही हाती लागत नाही, दुष्परिणाम मात्र पदरी पडतात. उलट दिसायला बरं दिसणाऱ्या मुलाच्या फुप्फुसात आजार पेटलेला असेल, तर थांबलेला प्रत्येक महिना महाग पडतो. उपचार जोरावर ठरतात, आणि नेमका जोरच मोजायला सर्वांत अवघड.

प्रौढांसाठी याची पहिली मोठी मांडणी 2001 मध्ये झाली. युरोपातल्या 19 केंद्रांमधल्या 290 रुग्णांच्या नोंदींवरून गॅब्रिएले व्हॅलेंटिनी आणि सहकाऱ्यांनी दहा गुणांचा निर्देशांक तयार केला. त्वचेचा गुण 14 च्या वर, बोटांच्या टोकाची ऊती मेलेली, सांधे सुजलेले, ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची चाचणी) 30 च्या वर, रक्तातलं कॉम्प्लिमेंट (प्रतिकारशक्तीची काही प्रथिनं) घटलेलं, अशा बाबी त्यात होत्या. बेरीज 3 किंवा जास्त, तर आजार जोरात. यातले सर्वांत वजनदार गुण मात्र प्रयोगशाळेतून येत नव्हते. गेल्या महिन्याभरात त्वचा, हृदय किंवा फुप्फुसांचा त्रास वाढला आहे असं रुग्णाला स्वतःला वाटतं का, याला ते होते.

आता हाच प्रश्न सहा वर्षांच्या मुलाला विचारून बघा. महिन्यापूर्वी आपल्याला कसं वाटत होतं, हे त्यानं कशाशी ताडून सांगायचं? दम लागायला लागला की मूल तक्रार करत नाही, पळणं सोडून बसून खेळायला लागतं. आईवडिलांना ते दिसतं, पण त्यांचं उत्तर हे मुलाचं उत्तर नव्हे. आणि त्वचेच्या गुणाची 14 ही रेघ निरोगी मुलांच्या बाबतीतही भरवशाची नाही, हे पाचच वर्षांत कळलं होतं. 2017 मध्ये या निर्देशांकाची सुधारित आवृत्ती आली, तीही प्रौढांच्याच नोंदींवर बेतलेली.

मुलांच्या बाजूनं आधी माणसं जमवावी लागली. 2000 मध्ये अनेक देशांतल्या 135 मुलांची माहिती एकत्र झाली. 2006 मध्ये इटलीतल्या पाडुआचे फ्रान्सेस्को झुलियान, जॉर्जिया मार्टिनी आणि सहकाऱ्यांनी 153 मुलांच्या नोंदी मांडल्या. आजार सुरू होण्याचं सरासरी वय 8.1 वर्षं निघालं. मृत्यू प्रौढांपेक्षा कमी होते, पण झाले त्यांत हृदय निकामी होण्याचा वाटा मोठा होता. लगेच 2007 मध्ये मुलांसाठीचे वर्गीकरणाचे निकष आले. आजार आहे की नाही, एवढं तरी एका भाषेत बोलता येऊ लागलं. 2008 मध्ये हॅम्बुर्गहून मुलांना निदानापासून पुढे वर्षानुवर्षं पाहत राहणारी आंतरराष्ट्रीय नोंदणी सुरू झाली. मला ही पायरी निकषांपेक्षा मोलाची वाटते, कारण जोर हा बदलात दिसतो, आणि बदल बघायचा तर त्याच मुलाला ठरावीक काळानं त्याच पद्धतीनं पुन्हा तपासावं लागतं.

2012 मध्ये जे-फोर-एस, म्हणजे 'ज्युवेनाइल सिस्टेमिक स्क्लेरोसिस सिव्हेरिटी स्कोअर' (सिव्हेरिटी म्हणजे तीव्रता), हे माप प्रसिद्ध झालं. प्रौढांसाठी थॉमस मेड्सगर यांनी 1999 मध्ये नऊ अवयवसंस्थांची तीव्रता 0 ते 4 अशी मोजणारी मांडणी केली होती; तिलाच मुलांच्या अंगाप्रमाणे बेतून 40 गुणांचं माप झालं. आतल्या अवयवांना त्यात जास्त वजन दिलं. शिवण कुठे उसवावी लागली ते बघण्यासारखं आहे. प्रौढाचं वजन किती घटलं हे विचारणं ठीक, पण वाढत्या मुलाचं वजन जागच्या जागी राहणं हीसुद्धा घटच असते. म्हणून मुलाला त्याच्या कालच्या वजनाशी नाही, त्याच्या वयाच्या मुलांशी ताडावं लागतं. फुप्फुसांचंही तसंच. श्वासाची चाचणी म्हणजे सांगितल्याबरोबर जोरात आणि शेवटपर्यंत फुंकणं; पाच-सहा वर्षांखालच्या मुलाकडून ते नीट होत नाही. वायू रक्तात किती शिरतो हे मोजणारी चाचणी त्याहून अवघड, कारण तिथे श्वास काही सेकंद रोखून धरायचा असतो. आकडा कमी आला तो आजारामुळे की मुलानं मध्येच श्वास सोडला म्हणून, हे चाचणी घेणाऱ्यालाच ठाऊक.

आणि जे-फोर-एस हे नावाप्रमाणेच तीव्रतेचं माप आहे, जोराचं नाही. ही फारकत विसरली जाते.

प्रौढांच्या औषध-चाचण्यांसाठी 2016 मध्ये क्रिस हा संमिश्र निर्देशांक आला: त्वचा, फुप्फुसांची क्षमता, रोजच्या कामातली अडचण, रुग्णाचं मत आणि डॉक्टरांचं मत, पाचही एकत्र. तो मुलांवर तसाच लादू नये, यावर हॅम्बुर्गला तज्ज्ञांच्या बैठका झाल्या आणि बारा महिन्यांच्या औषध-चाचणीत मुलांमध्ये काय काय मोजावं याचा प्रस्ताव 2023 मध्ये पुढे आला. एखादं मूल 'सुधारलं' असं कधी म्हणायचं, याची मुलांसाठी स्वतंत्रपणे झालेली ही चर्चा.

मुलाच्या रोजच्या कामाविषयी विचारायला बहुतेक ठिकाणी सीएचएक्यू (चाइल्डहुड हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर) ही प्रश्नावली वापरतात. ती 1994 मध्ये बाल संधिवातासाठी तयार झाली. तीस प्रश्न, गेल्या आठवड्याविषयी: कपडे घालता येतात का, बुटाची नाडी बांधता येते का, पेन्सिलनं लिहिता येतं का. उत्तरांमध्ये 'लागू नाही' असा एक रकाना आहे, कारण तीन वर्षांच्या मुलाला नाडी बांधता येत नसेल तर तो आजार नव्हे. थंडीत पांढरी-निळी पडणारी बोटं, त्यांच्या टोकाच्या जखमा, घास गिळताना अडकणं, यांविषयी तिच्यात प्रश्न नाहीत. सीएचएक्यू ज्या प्रश्नावलीवरून बेतली, त्या प्रौढांच्या मूळ प्रश्नावलीला असे प्रश्न 1997 मध्ये वेगळे जोडले गेले होते.